वाढत्या मुलांच्या ताटाची आणेवारी

शेताची आणेवारी कशी काढतात हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. ठरल्या रीतीनें निवडलेल्या जागीं ठराविक मापाचा तुकडा आंखावा, त्यांतील पीक कापावें, मळावें, तोलावें आणि जें वजन भरेल त्याची प्रमाण उत्पन्नाशीं तुलना करावी, म्हणजे पीक सोळा आण्यांपैकीं किती आणे आलें तें कळतें. आतां कागदोपत्रीं पैसेवारी हा शब्द चालतो. पण आमच्यासारख्या जुन्या कारकुनांच्या तोंडीं आणेवारी हाच शब्द बसला आहे. बांधावरून हिरवेंगार दिसणारें शेत तोलास लावलें म्हणजे आठ आणेही भरत नाहीं, हा अनुभव महसूल खात्यांतील तीस वर्षांहून अधिक काळच्या नोकरींत मीं अनेक वेळां घेतला. नजरेवर विसंबूं नये, तोलावर विसंबावें, हा त्या कामाचा पहिला धडा होय. हा धडा स्वतःच्या घरांतील ताटांस लावण्याचें मात्र मला निवृत्त होईपर्यंत सुचलें नाहीं. तो लावण्याचा प्रसंग कसा आला व त्यांतून काय निष्पन्न झालें, तें वाढत्या वयाचीं मुलें ज्यांच्या घरीं आहेत त्यांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहें.

डब्याची मागणी

आमचें कुटुंब एकत्र असून मराठवाड्यांत राहतें. धाकटे बंधू शेती पाहतात. सोयाबीन, तूर, हरभरा व घरापुरती ज्वारी हीं आमचीं पिकें. दावणीला एक म्हैस. बंधूंस दोन अपत्यें. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावींत. मुलगी चौदा वर्षांची, नववींत. मुलाच्या मनांत पोलीस भरतीचें आहे. तो पहाटे उठून सडकेनें धांवतो व सायंकाळीं तालमींत जातो.

सन २०२४ च्या दिवाळीपूर्वीं एके दिवशीं तो मजपाशीं येऊन म्हणाला, "अण्णा, मला प्रोटीनचा डबा पाहिजे. तालमींतलीं सगळीं पोरं घेतात. आपल्या घरच्या खाण्यांत ताकद नाहीं." एक किलोच्या डब्याची किंमत त्यानें तीन हजार रुपये सांगितली. योगायोग असा कीं, त्याच आठवड्यांत खळ्यावरील सोयाबीनचीं पोतीं शिवून बाजारांत घालण्याची तयारी चालली होती. एका बाजूस ताकदीचीं पोतीं घराबाहेर निघालेलीं, आणि दुसऱ्या बाजूस ताकदीचा डबा घरांत येऊं पाहणारा!

मीं कागद घेऊन हिशेब मांडला. डब्यावरील मजकुराप्रमाणें त्यांत तीस मापें, व दर मापांत २४ ग्रॅम प्रथिनें. म्हणजे सगळ्या डब्यांत ७२० ग्रॅम. त्या हंगामांत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये जाहीर झाला होता. त्या भावानें तीन हजार रुपयांचें सोयाबीन सुमारें ६१ किलो होतें. सोयाबीनमध्यें शेंकडा ३६ भाग प्रथिनें असतात; तेव्हां ६१ किलोंत सुमारें २२ किलो प्रथिनें आलीं. म्हणजे तेवढ्याच रकमेंत तीसपट माल आपण विकतों आणि एकपट विकत घेतों. मुलगा हिशेब ऐकून गप्प झाला, पण त्याचें समाधान झालें नाहीं. "हिशेब बरोबर आहे, अण्णा, पण मला खरोखर किती लागतं आणि किती मिळतं, तें कुठं ठाऊक आहे?" असें तो म्हणाला. प्रश्न रास्त होता. तेव्हां ताटाची आणेवारी काढावयाचें ठरलें.

गरज किती

प्रथिनें म्हणजे शरीराचें मांस, रक्त, त्वचा, केस इत्यादि ज्यांपासून घडतात तें द्रव्य. घर बांधतांना दगड-विटा लागतात व गवंड्यास मजुरीही लागते. त्याप्रमाणें शरीर बांधतांना प्रथिनें हीं दगड-विटांच्या जागीं व धान्य-तेल-गूळ हीं मजुरीच्या जागीं समजावीं. मजुरी कमी पडली तर शरीर विटाच जाळून काम चालवितें. म्हणून उपाशी मुलास नुसतीं प्रथिनें देऊन उपयोग नाहीं. पोटभर जेवण आधीं, प्रथिनांचा विचार त्याबरोबर.

सन १९१८ मध्यें कुन्नूर येथें लहानशा चौकशीच्या रूपानें सुरू झालेली व १९५८ पासून हैदराबाद येथें असलेली राष्ट्रीय पोषण संस्था आपल्या देशांतील लोकांच्या आहाराचें प्रमाण ठरविते. तिच्या २०२० च्या प्रमाणाप्रमाणें रोजची प्रथिनांची गरज ढोबळ मानानें अशी: दहा ते बारा वर्षांच्या मुलास ३२ ग्रॅम व मुलीस ३३, तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलास ४५ व मुलीस ४३, सोळा ते अठरा वर्षांच्या मुलास ५५ व मुलीस ४६ ग्रॅम. पांच-सहा वर्षांच्या अवधींत मुलाची गरज जवळजवळ पावणेदोन पटीनें वाढते. आपण मात्र ताट वाढवितों तें बहुधा भाताच्या मुदीनें. भाजी-आमटीची वाटी होती तेवढीच राहते.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. शाळेंतील पोषण आहाराची योजना आठवीपर्यंतच आहे. सहावी ते आठवीच्या मुलांस त्या जेवणांतून २० ग्रॅम प्रथिनें मिळावीं असें तिचें प्रमाण आहे. नववींत पाऊल पडलें कीं तें जेवण बंद होतें, आणि वाढीचें वय तर तेंच! ही खोट घरानें भरून काढावयाची असते. पण ती पडली आहे हेंच बहुतेक घरांत कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

सात दिवसांचें टिपण

वाण्याकडील लहान तराजूसारखा एक कांटा आणून मीं स्वयंपाकघरांत ठेविला. भावजयीनें आरंभीं तें हंसण्यावारीं नेलें. "दादा, आतां घरांतही पंचनामा काय?" असें ती म्हणाली. पण नंतर तिनेंच पीठ मळण्यापूर्वीं व डाळ शिजविण्यापूर्वीं तोलून सांगण्याचें काम पत्करलें. सात दिवस दोन्ही मुलांच्या तोंडीं जें जें गेलें तें वहींत उतरविलें व सातव्या दिवशीं सरासरी काढली.

मुलाची नोंद अशी. सकाळीं चहा-बिस्किटें, ३ ग्रॅम. म्हशीचें पेलाभर दूध, ९. डब्यांत तीन पोळ्या व भाजी, साडेअकरा. सायंकाळीं शेंगदाणे घातलेले पोहे, साडेचार. रात्रीं दोन भाकऱ्या, १६. आमटींतील डाळ व भात मिळून ८ ग्रॅमांहून थोडें अधिक. एकूण ५२. गरज ५५. म्हणजे आणेवारी पंधरा आणे! ज्याच्यासाठीं तीन हजारांचा डबा यावयाचा होता त्याची तूट तीन ग्रॅमांची, म्हणजे लहानशा मूठभर शेंगदाण्यांची होती.

मग मुलीचें पान उलटलें. खरें सांगावयाचें तर तिची नोंद केवळ टिपण पुरें व्हावें म्हणून मीं ठेविली होती. सकाळीं चहा-बिस्किटें, ३ ग्रॅम. डब्यांत दोन पोळ्या व बटाट्याची भाजी, ८. शाळा सुटतांना दुकानांतील कुरकुरीत पदार्थाची एक पुडी, १. रात्रीं एक भाकरी, ८; थोडा भात, ३; आणि आमटींतून कशीबशी २ ग्रॅमांची डाळ. एकूण २६ ग्रॅमांच्या आंत. गरज ४३. आणेवारी साडेनऊ आणे.

मीं तें पान मोठ्यानें वाचून दाखविलें तेव्हां घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. कोणी तिला जेवूं नको म्हटलें नव्हतें. परंतु म्हशीच्या दुधांतून डेअरीस घालून जें पेलाभर उरे तें 'तो धांवतो' म्हणून मुलास जाई. ती आईबरोबर शेवटच्या पंगतीस बसे, आणि तोंवर आमटींत दोनदां पाणी पडलेलें असे. डाळ वरच्या ताटांत गेलेली, खालीं राही तें फोडणीचें पाणी. दर गुरुवारीं तिचा उपास, व त्या दिवशीं साबुदाणा. आदल्या वर्षीं शाळेंत मिळणारी खिचडीही नववींत गेल्यावर बंद झाली होती. गेले कांहीं महिने ती अभ्यासास बसली कीं पेंगत असे, व आम्ही सर्व तिला आळशी म्हणत होतों. तिला मीं विचारलें, "तुला भूक लागत नव्हती का?" ती म्हणाली, "लागायची, अण्णा. पण चहा घेतला कीं जायची."

पुढें तालुक्याच्या डॉक्टरांनीं तिचें रक्त तपासलें तेव्हां तें उणें निघालें, व त्यांनीं लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. रक्त उणें होण्यास लोहाची तूट हें मुख्य कारण. पण ज्या ताटांत डाळ-कडधान्य नाहीं त्यांत लोहही थोडेंच येतें. सन २०१९ ते २०२१ मध्यें झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ मुलींचें रक्त उणें आढळलें. तेव्हां ही एका घराची कथा नव्हे. ज्या मुलाविषयीं घरांत चर्चा होते त्याचें ताट बहुधा बरें असतें. जिच्याविषयीं होत नाहीं तिचें आधीं तोलावें.

जोडीचे बैल

धान्यांत प्रथिनें नाहींत असें नव्हे. ज्वारींत शेंकडा १०, बाजरींत ११, गव्हाच्या पिठांत साडेदहा, तांदळांत ८ असें प्रमाण आहे. परंतु प्रथिनें अनेक घटकांचीं बनलेलीं असतात, व त्यांपैकीं लायसिन नांवाचा घटक धान्यांत कमी असतो. डाळींत व कडधान्यांत तो भरपूर असतो. त्यांत मेथिओनिन नांवाचा दुसरा घटक कमी असतो, आणि तो धान्यांत असतो. एकाच बैलावर नांगर ओढवत नाहीं. जोडी जुंपली म्हणजे दोघांचें उणें भरून निघतें. तीन भाग धान्यास एक भाग डाळ वा कडधान्य ही जोडी सामान्यतः योग्य समजतात.

आपल्या वडीलधाऱ्या बायकांनीं हें शास्त्र पुस्तकांत वाचलें नव्हतें, पण हातीं धरलें होतें. खानदेशांत ज्वारींत उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी, घाटावर हुलग्याचे शेंगोळे व मटकीची उसळ, कोंकणांत कुळिथाची पिठी व भात, सर्वत्र थालिपिठाची भाजणी व वरणभात, ह्या सर्व जोड्याच आहेत. कळण्याची भाकरी ही गरिबीची खूण समजून ज्यांनीं सोडली, त्यांनीं चांगला बैल विकून रिकामें जूं घरीं ठेविलें असें म्हणावें लागेल.

कोणत्या जिनसांत किती

कच्च्या मालाच्या १०० ग्रॅममागें प्रथिनांचें प्रमाण सुमारें असें आहे:

सोयाबीन — ३६ ग्रॅम
मसुराची डाळ व मुगाची डाळ — २४
शेंगदाणे — २४
उडदाची डाळ — २३
तुरीची डाळ, हरभऱ्याची डाळ व हुलगे — २२
चवळी — २० ते २१
मटकी — २०
अख्खा हरभरा — १९
राजगिरा — १४
अंडें — १३ (एका अंड्यांत ६ ते ७)
म्हशीचें दूध — ३॥ ते ४
गाईचें दूध — ३ ते ३॥
साबुदाणा — जवळजवळ कांहीं नाहीं

आतां दहा ग्रॅम प्रथिनांस पडणारी किंमत पाहूं. २०२४-२५ च्या हंगामांतील हमीभावानें सोयाबीनमधून तीं दीड रुपयाच्या आंत पडतात. हरभऱ्याचा भाव क्विंटलास ५,६५० रुपये धरल्यास सुमारें तीन रुपये. अंडें सात रुपयांस धरल्यास दहा-अकरा रुपये. म्हशीचें दूध लिटरास पन्नास रुपये धरल्यास तेरा-चौदा रुपये. आणि वरील डब्यांतून बेचाळीस रुपये! दूध व अंडें ह्यांचीं प्रथिनें पचनास व गुणास उत्तम आहेत हें खरें. जे अंडीं-मासळी खातात त्यांनीं आठवड्यांतून दोन-तीन वेळां तीं मुलांस अवश्य द्यावीं. पण रोजचा भार कडधान्यांवरच टाकावा. शिवाय दुकानदाराच्या गिऱ्हाइकास कडधान्य किरकोळीच्या भावानें पडतें. शेतकऱ्यास तें आपल्या विकत्या भावानें पडतें. हा लाभ आपला एकट्याचा आहे, आणि तोच आपण घेत नाहीं.

मुलीचें नवें ताट

हिशेबांती मुलीच्या ताटांत पुढील फेरबदल केला. सकाळीं बिस्किटांऐवजीं मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ, कोरडें कडधान्य ३० ग्रॅम. त्यांतून सुमारें ६ ग्रॅम. कडधान्य रात्रीं भिजवून दुसऱ्या दिवशीं फडक्यांत बांधावें. मोडांनीं तें पचनास हलकें होतें व त्यांत क जीवनसत्त्वही येतें. वर लिंबू पिळावें म्हणजे अन्नांतील लोह अंगीं लागण्यास मदत होते. शाळेंतून आल्यावर पुडीऐवजीं घरच्या हरभऱ्याचे फुटाणे व थोडे शेंगदाणे मिळून ३० ग्रॅम, गुळाच्या खड्यासह; ६ ग्रॅम. रात्रीं आमटींत तिच्या वाटची डाळ १० ऐवजीं २५ ग्रॅम, आणि पहिली पळी तिच्या वाटींत. ३ ग्रॅम वाढले. जेवणाबरोबर वाटीभर दही, साडेतीन ग्रॅम. बिस्किटांचे दीड-दोन व पुडीचा एक ग्रॅम गेला, तरी एकूण बेरीज ४० च्या पुढें जाते. भाकरीच्या पिठांत सोयाबीन मिसळल्यानें उरलेलेंही भरून निघतें.

खर्चाचें म्हणाल तर उसळ, फुटाणे, जास्तीची डाळ व दही मिळून रोजचे चौदा-पंधरा रुपये होतात. बिस्किटें व पुडी ह्यांवर दहा-बारा रुपये आधींच जात होते. खरी ओढाताण झाली ती दह्यापायीं. त्यासाठीं रोज पाव लिटर दूध डेअरीस कमी घालावें लागे, म्हणजे महिना साडेतीनशे-चारशे रुपये कमी. कर्जाच्या हप्त्याचे दिवस. बंधू दोन दिवस राजी नव्हते. शेवटीं मीं माझ्या निवृत्तिवेतनांतून तेवढी रक्कम घालावी असें ठरलें. ज्यांस हेंही शक्य नसेल त्यांनीं दह्याच्या जागीं आणखी १५ ग्रॅम शेंगदाण्यांचें कूट भाजींत घालावें. काम तेंच होतें.

सोयाबीनची कृति

सोयाबीन कच्चें कधींही खाऊं नये. त्यांत पचनास अडथळा आणणारें द्रव्य असतें, तें उष्णतेनें नाहीसें होतें. दाणे निवडून उकळत्या पाण्यांत टाकावे, वीस ते पंचवीस मिनिटें उकळावे, पाणी टाकून द्यावें व उन्हांत कडकडीत वाळवावे. मग नऊ भाग गहूं अगर ज्वारी व एक भाग सोयाबीन असें एकत्र दळून आणावें. ह्याहून अधिक मिसळल्यास वास येतो, भाकरी थापतांना चिरते, आणि मुलें एकदां नाक मुरडलीं कीं पुन्हां वळत नाहींत. आमच्याकडे पहिल्या खेपेस उत्साहानें चौथा भाग घातला, आणि तें पीठ शेवटीं म्हशीच्या आंबोणांत गेलें.

कांहीं सूचना

१. पेरणीनंतर उरलेलें, औषध चोळलेलें बियाणें कितीही धुतलें तरी खाण्यांत वापरूं नये. तें वेगळें, खूण करून, मुलांच्या हातीं लागणार नाहीं असें ठेवावें. खाण्याचें सोयाबीन खळ्यावरूनच बाजूस काढावें.

२. बुरशी आलेले, काळवंडलेले, सुरकुतलेले अगर कडवट शेंगदाणे टाकून द्यावे. त्यांतील बुरशीचें विष यकृतास घातक असतें व भाजण्यानें पुरतें जात नाहीं. शेंगा काढल्याबरोबर पुरत्या वाळवाव्या.

३. उपासाच्या दिवशीं साबुदाण्यावर भागवूं नये. राजगिऱ्याची भाकरी वा लाडू, शेंगदाण्यांची आमटी, दही अथवा दूध हे पदार्थ उपासास चालणारे असून ताट भरणारेही आहेत.

४. जेवणाबरोबर व जेवणानंतर लगेच चहा देऊं नये. त्यानें अन्नांतील लोह अंगीं लागत नाहीं.

५. कडधान्यानें पोटांत वायु धरतो अशी तक्रार असेल तर प्रमाण हळूहळू वाढवावें, भिजविलेलें पाणी टाकून द्यावें व चांगलें शिजवावें. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या मुलाच्या आहारांत मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून फेरबदल करूं नये.

खळ्यावरील वाटा

वरील ताटाचा हिशेब वर्षाचा केला तर एका मुलामागें डाळ व कडधान्य मिळून सुमारें ३० किलो लागतें. पोत्यांच्या राशींत हें किती? जेमतेम एक लहान गोणी. ती गोणी विकून येणारे पैसे कोठें गेले हें आठ दिवसांनीं कोणी सांगूं शकत नाहीं. ती घरांत राहिली तर वर्षभर मुलाच्या अंगावर दिसते. पूर्वीं रास झाली म्हणजे धान्य घरीं नेण्याआधीं खळ्यावरच बलुतेदारांचा वाटा निघत असे. तो देऊन मग उरलेलें आपलें, अशी रीत होती. आतां ती बलुतेदारी उरली नाहीं; पण आधीं वाटा काढावा व मग पोतें शिवावें ही रीत घरांतील वाढत्या मुलांसाठीं पुन्हां सुरू करण्याजोगी आहे.

आमच्या घरीं डबा आला नाहीं. मुलगा कांहीं दिवस रुसला. पण मूठभर शेंगदाण्यांवर धांवणें त्याचें पूर्वींप्रमाणेंच चाललें आहे. पुढच्या हंगामांत हरभऱ्याची रास झाली तेव्हां पोतीं शिवण्यापूर्वीं माप घेऊन तोच पुढें झाला व बहिणीच्या नांवाची गोणी त्यानें प्रथम भरली. मुलीच्या पानावर आतां पंधरा आणे लागतात. गुरुवारीं अजून एखादा आणा कमी पडतो. वही स्वयंपाकघरांतील खुंटीस टांगलेली आहे, व दर तीन महिन्यांनीं सात दिवस तोल चालतो.

वाचक बंधूंनीं फार कांहीं करूं नये. एक कांटा व एक वही आणावी, आणि सात दिवस घरांतील सर्वांत गप्प बसणाऱ्या मुलाचें अगर मुलीचें ताट तोलून पाहावें. पुढें काय करावयाचें तें तो आंकडाच सांगेल.